ती अजून बोललेली नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

तू निवृत्त होतोयस हे मला नोटीस बोर्डावरून कळलं. सख्ख्या बहिणीला, चहाच्या मशीनशेजारी, हरवलेल्या छत्रीच्या सूचनेखाली. छत्री सापडली म्हणे.

रागवायला लिहीत नाहीये. म्हणजे थोडं रागवायलाही लिहितेय, पण ते मुख्य काम नाही. मुख्य काम असं, की २८ तारखेला तुझं शेवटचं विमान तू आमच्याच विमानतळावर उतरवणार, आणि त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद होणार.

हसू नकोस. वहिनीला हे बोलले तर तीही हसली. "तुमचं बोलणं चालू कधी होतं?" म्हणाली. आता तिला काय सांगू? आठवड्यातून एकदोनदा तरी आपण बोलतोच. मी टॉवरमधून सांगते, वारा अमुक दिशेने, इतका जोराचा, रनवे मोकळा, उतरा. तू तेच शब्द मला परत म्हणून दाखवतोस आणि शेवटी विमानाचा नंबर सांगतोस. झालं. सहा वर्षं आपण एवढंच बोललो. पण या सहा वर्षांत तुला सर्दी कधी झाली, तू रात्रभर जागा कधी होतास, वहिनीशी कधी भांडून निघालास, हे मला त्या ठरलेल्या सात-आठ शब्दांतून कळत आलंय. दाढेचं ऑपरेशन झालं तेही मला वहिनीआधी कळलं. "मोकळा" म्हणताना तुझी जीभ अडकली होती.

तुला माझ्या आवाजातून काय कळतं ते मला माहीत नाही. तू मला भोंगा म्हणायचास. आई म्हणायची, ही शेजारच्या गल्लीत हाक मारते आणि गाव जागं होतं. तो भोंगा गेली पंचवीस वर्षं काचेच्या खोलीत उभा राहून हलक्या आवाजात बोलतोय. देवाला विनोद करायचा असला की तो असा करतो.

आणखी एक सांगते, हे मी कोणाला सांगत नाही. मला अजून सवय झालेली नाही. लांबवर एक दिवा दिसतो, मग त्या दिव्याला पंख फुटतात, मग त्या पंखांखाली दोनशे माणसं बसलेली आहेत हे आठवतं, आणि ते सगळं धूड एका बाईच्या "उतरा" या शब्दावर जमिनीला टेकतं. नवीन मुलं जांभया देत बघतात. मी अजून श्वास धरते. आणि त्या दिव्यामागचा आवाज तुझा असला की जास्तच धरते.

बास. उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल. तुझी ती सवय मला पाठ आहे.

तुझी बहीण

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दादा,

वहिनीचा फोन आला होता. पत्र वाचलंस, चष्म्याच्या डबीत ठेवलंस आणि म्हणालास, "दाढेचं ऑपरेशन नव्हतं, नुसती दाढ काढली होती." दुरुस्ती पोचली. धन्यवाद.

आज आमच्याकडे तुझ्यावरून मीटिंग झाली. तुला आमची रीत माहीत आहे. कॅप्टन शेवटचं विमान घेऊन येत असला की रेडिओवर जे जे कोणी असतात ते शुभेच्छा देतात. वरची विमानं, खालची विमानं, टॉवर, सगळे दोन-दोन शब्द बोलतात. लोकांचे डोळे भरून येतात. साहेब म्हणाले, "ताई, यंदा टॉवरकडून तुम्हीच बोला. सख्खा भाऊ आहे. इतक्या वर्षांचं काय ते दोन वाक्यांत मिटवून टाका."

मी म्हटलं, "उतरताना नाही."

"अहो, दोन वाक्यांनी काय होतंय?"

दादा, हे वाक्य मी कुठे ऐकलं होतं तुला आठवत असेल. तूही हेच म्हणाला होतास. सहा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी तू उतरत होतास आणि तुझा लाडका मित्र गवई (फ्रिक्वेन्सीवर गुणगुणतो म्हणून आम्ही त्याला हेच नाव ठेवलंय) त्याच्या विमानातून तुला नव्या गाडीचं कौतुक सांगत होता. तू गिअरबद्दल विचारत होतास. मी तुला दोनदा हाक मारली, तुला ती ऐकू गेली नाही, कारण रेडिओवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी बटण दाबलं की दोघांचंही जातं आणि उरते नुसती किंचाळी. काही झालं नाही हे खरं. पण "काही झालं नाही" हे आपल्या धंद्यात कारण होत नाही, नशीब होतं. मी रिपोर्ट केला. परक्या कॅप्टनचा केला असता तसाच तुझा केला. तुला तीन महिने घरी बसवलं, नव्या वैमानिकांना शिकवायचं काम काढून घेतलं. तू मला घरचा भेदी म्हणालास, आणि त्यानंतर वारा आणि रनवे सोडून काही म्हणाला नाहीस. आई हॉस्पिटलात होती तेव्हाही वहिनी वेळा लावून द्यायची, तू सकाळी, मी संध्याकाळी. जिन्यात समोरासमोर येऊ नये म्हणून.

मी माफी मागत नाहीये. पुन्हा तसं झालं तर पुन्हा करेन. मी फक्त एवढंच सांगतेय, की तुझ्याशी दोन वाक्यं बोलायची संधी आज मला साहेबांनी ताटात वाढून दिली होती आणि मी ताट सरकवलं. माझ्यासारखी मूर्ख बाई सबंध विमानतळावर नसेल. शेवटी असं ठरलं, की तू उतरून, रनवे सोडून बाजूला आलास की मग ज्याला जे बोलायचं ते बोलावं. गवईसुद्धा हो म्हणाला. त्याचं हो म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, पण म्हणाला.

मी त्या दिवशी ड्यूटीवर असेनच असं नाही.

तुझी बहीण

गुरुवार, २७ फेब्रुवारी

दादा,

उद्या ढग खाली उतरणार आहेत, आमच्या टॉवरच्या टोपीला लागतील इतके. तुला हे कंपनी सांगेलच, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. हे पत्र तुला तू उतरल्यावरच मिळणार, म्हणजे मी काल पडलेल्या पावसाचा अंदाज सांगणाऱ्यातली झाले.

उद्या माझी ड्यूटी आहे. योगायोगाने.

तुझी बहीण

शनिवार, १ मार्च

दादा,

योगायोग वगैरे काही नव्हता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी ड्यूटी बदलून मागितली होती.

तू वरून पाहिलंस ते तुला माहीत आहे. खालचं तुला कोण सांगणार म्हणून लिहितेय. आणि आणखी एका कारणासाठी, ते शेवटी येईल.

तुझ्या पुढे एक छोटं विमान होतं. ते उतरलं, रनवेच्या मध्यापर्यंत धावलं आणि तिथेच बसलं. टायर फुटलं होतं. तू तेव्हा ढगात होतास. मी तुला नुसतं "येत राहा" म्हटलं होतं, "उतरा" म्हटलं नव्हतं. आता तुला वर जायला सांगायचं होतं. रोजचं काम. बटण दाबायचं, दोन शब्द बोलायचे.

मी बटण दाबायला आणि गवईचा आवाज यायला एकच गाठ पडली. तो खाली, उडायच्या रांगेत पहिला उभा होता. त्याला वाटलं, आपण उडून गेलो तर मित्राला शुभेच्छा द्यायच्या राहून जातील. त्याच्या जागेवरून रनवेचा मधला भाग धुक्यात होता, त्याला अडकलेलं विमान दिसतच नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "कॅप्टन, आज तुझं शेवटचं..." म्हणून त्याने सुरू केलं, आणि दादा, बांधच फुटला. त्याला वाटलं तसं सगळ्यांनाच वाटलं. कोणी वरून बोलतोय, कोणी खालून. एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं. कोणी म्हणतोय तू त्याला शिकवलंस, कोणी म्हणतोय तुझ्यासारखा गुरू होणे नाही. सगळं मनापासून, सगळं खरं. त्याखाली माझा आवाज, तुला वर जा म्हणणारा, चिरडला जात होता. मी पुन्हा दाबलं, पुन्हा किंचाळी. माझ्या सहायकाने लाल दिव्याची बॅटरी उचलून ढगावर रोखली. ढगाला त्याचं काय?

इतकी माणसं तुझ्यावर प्रेम करत होती आणि त्या प्रेमातून माझा एक शब्द तुझ्यापर्यंत जात नव्हता.

मग तू ढगातून बाहेर आलास. चाकं काढलेली, सगळे दिवे लावलेले, सरळ रेषेत, त्या अडकलेल्या विमानाच्या दिशेने. मी आयुष्यात हजारो विमानं उतरताना पाहिली, पण काल पाहिलं ते विमान नव्हतं, तो माझा भाऊ होता.

आणि नाक वर झालं.

कोणी काही सांगितलेलं नसताना ते एवढं मोठं अंग हवेत जरा थबकल्यासारखं झालं, मग इंजिनं गरजली आणि तू आमच्या डोक्यावरून वर गेलास. टॉवरच्या काचा थरथरल्या. साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. पोटावरचे खिळे मोजता यावेत इतका तू जवळ होतास, आणि पुढच्या क्षणी ढगात नाहीसा झालास. मी देवळात सुद्धा हात जोडताना इकडेतिकडे बघते, दादा. काल माझे हात आपोआप जोडले गेले, माइक हातात असताना.

त्या गर्जनेने सगळे गप्प झाले. मग मी बोलले. रागाने नाही बोलले, तुला ऐकू गेलंच असेल. म्हटलं, रनवे अडलेला आहे, मी विचारेपर्यंत कोणीही बोलायचं नाही. नेहमी अशा सूचनेवर प्रत्येक जण "समजलं, समजलं" म्हणून पुन्हा गोंधळ घालतो. काल कोणी "समजलं" सुद्धा म्हणालं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. इतकी विमानं, प्रत्येकात दोन-दोन बोलकी माणसं, आणि फ्रिक्वेन्सीवर नुसती बारीक खरखर. मी ती शांतता कधी ऐकली नव्हती. रिकामी नव्हती ती. भरलेल्या सभागृहात सगळे उभे राहतात ना, तसं वाटत होतं. गवईने तर इंजिनच बंद केलं, तो दिसत होता मला, काचेमागे डोक्याला हात लावून बसलेला.

अडकलेलं विमान ओढून नेलं. रनवेवर माणसं चालत जाऊन टायरचे तुकडे वेचून आली. तू वर घिरट्या घालत होतास. एकदाही "किती वेळ" म्हणून विचारलं नाहीस. तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे मला तेच सगळ्यात मोठं नवल वाटलं.

मग मी म्हटलं, वारा असा, इतका, रनवे मोकळा, उतरा. तू म्हणालास, वारा असा, इतका, रनवे मोकळा, उतरतो. त्या सबंध आकाशात आपण दोघंच बोलत होतो. आणि तू इतकं हलकं टेकवलंस की सहायक मला विचारतो, "उतरलं का हो?"

रनवे सोडून बाजूला आलास. ठरल्याप्रमाणे आता सगळ्यांनी बोलायचं होतं. कोणी बोललं नाही. कोणाला धीरच झाला नाही.

पुढचं मी दुर्बिणीतून पाहिलं. तू विमान जागेवर लावलंस, इंजिनं बंद केलीस. शिडी लागली, माणसं उतरली, सामान उतरलं, आणि तू कॉकपिटमध्येच. हेडफोन डोक्यावर. मला वाटलं, काहीतरी बिघाड आहे. गवई उडाला, तरी तू बसलेला. एक विमान उतरलं, तरी तू बसलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू ऐकत होतास. फ्रिक्वेन्सी पूर्ण रिकामी व्हायची वाट बघत होतास. गाडीच्या गिअरवर गप्पा मारत उतरणारा माझा भाऊ बोलण्यासाठी रांगेत उभा होता.

मग तू विचारलंस, "टॉवर, जवळपास कोणी आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही." मी दोनदा बघून घेतलं होतं.

"मग एक घरचं बोललं तर चालेल?"

मी म्हटलं, "बोला."

आणि तू रेडिओवरची ती इस्त्री केलेली भाषा सोडून आपल्या घरातल्या आवाजात म्हणालास, "रविवारी जेवायला घरी येशील का गं?"

टॉवरमधले सगळे पाठ फिरवून उभे राहिले. साहेब भिंतीवरचं घड्याळ वाचायला लागले. मी उत्तर दिलं. दुर्बिणीत पाहिलं तर तू काही वेळ तसाच होतास. मग हेडफोन काढलास, मांडीवर ठेवलास, टोपी घातलीस आणि उठून गेलास. मला वाटलं, तुझेही डोळे भरले असतील. आपलं घराणंच रडायच्या वेळी टोपी शोधणारं.

माझी ड्यूटी संपता संपता तुझी सहवैमानिक वर आली. एवढीशी पोर, पण डोळ्याला डोळा भिडवून बोलते. मला बघायला आली होती म्हणाली. मी विचारलं, "ढगातून बाहेर पडताना काय झालं आत?" ती म्हणाली, "खरं सांगू का ताई? सगळे शुभेच्छा देत होते, म्हणून मला वाटलं परवानगी मिळाली असणार. इतके जण बोलतायत म्हणजे सगळं ठीकच असणार. मी सरांना म्हटलंसुद्धा, उतरू या. सर म्हणाले, 'ती अजून बोललेली नाही. वर चला.' मी म्हटलं, सर, एवढे सगळे बोलले. सर म्हणाले, 'सगळे बोलले. ती बोलली नाही.'"

दादा, सहा वर्षं मी समजत होते, तू माझं बोलणं ऐकून घेतोस ते नियम आहे म्हणून. दोनशे माणसं पाठीशी घेऊन, सगळं जग तुझं कौतुक करत असताना, तू माझ्या एका शब्दासाठी थांबलास. माझा शब्द नाही म्हणून विमान वर नेलंस. मला नाही वाटत कोणी कोणाला यापेक्षा मोठं काही देऊ शकेल. निदान मला कोणी दिलेलं नाही.

जायला निघाली आणि दाराशी थांबून ती म्हणाली, "सरांना वाईट वाटलं थोडं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत ना. पण ते म्हणाले, 'बरोबर आहे तिचं. कामाच्या जागी तिनं घरचं बोलायला नकोच.'"

मी म्हटलं, "मी उत्तर दिलं नाही?"

"नाही ताई. आम्ही बराच वेळ कान लावून होतो."

मी माइकच्या बटणाकडे बघितलं. पंचवीस वर्षांत मी हे कधी केलेलं नाही. नवीन पोरं करतात, तेव्हा आम्ही त्यांना सगळ्यांसाठी चहा आणायला लावतो. मी बटणच दाबलं नव्हतं. दुर्बीण एका हातात, दुसरा हात कुठे होता देव जाणे, बहुधा डोळ्यांवर. मी त्या माइकला बोलले, सहायकाने ऐकलं, साहेबांनी ऐकलं, त्या चार काचांनी ऐकलं. सगळे पाठ फिरवून उभे होते म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ऐकायचा राहिलास तो फक्त तू.

फोन करून बघितला. म्हणजे हातात घेतला. फोनवर आपण दोघं पहिल्या मिनिटाला "हॅलो" कोणी आधी म्हणायचं यावरून भांडू. म्हणून हे पत्र. पोस्टाचा भरवसा नाही, उद्याच रविवार आहे. ड्यूटीवर जाताना तुमच्या दाराच्या पेटीत टाकून जाईन. बेल वाजवणार नाही, वहिनीला दार उघडायला लावू नकोस.

येते, दादा. काल मी हेच म्हटलं होतं. येते. आणि तू काही बोलत नाहीस असं पाहून पुन्हा एकदा म्हटलं होतं, जरा मोठ्याने, येते.

तुझी बहीण